बेशुद्ध पडण्याचे वीस मार्क

भैरवीनं चिठ्ठी उघडली, वाचली, उलटी करून पाहिली आणि पुन्हा वाचली. चिठ्ठीत 'पेशंट' असंच लिहिलं होतं.

"मॅडम, ही चिठ्ठी मला चुकून आली," ती म्हणाली.

"चुकून कशी येईल? तूच उचललीस," विनोदिनी मॅडम म्हणाल्या. "जा, तीन नंबरच्या कॉटवर जाऊन पड."

"पण नुसतं पडून मी करू काय?"

"काहीच करायचं नाही. खाली बारीक अक्षरात लिहिलंय बघ."

खाली बारीक अक्षरात लिहिलं होतं: 'अपघातानंतर खोल बेशुद्धी. आवाजाला प्रतिसाद नाही. वेदनेला प्रतिसाद नाही. घंटा होण्याआधी पेशंट बोलल्यास किंवा हलल्यास पूर्ण गटाचा एक मार्क कापला जाईल.'

वर्गात पहिली येणाऱ्या मुलीला परीक्षेत बेशुद्ध पडायला सांगणं हा काय न्याय झाला! भैरवीनं आशेनं बाकीच्यांच्या चिठ्ठ्यांकडे पाहिलं. रवळूला 'मदतनीस' आलं होतं. निवेदिताला 'नोंदी'. आणि 'मुख्य नर्स' सौम्याला. तिलाच यायचं होतं. भैरवीला त्याचं आश्चर्यसुद्धा वाटलं नाही.

बेळगावच्या त्या नर्सिंग कॉलेजात ही गटाची परीक्षा सुरू व्हायला कारण घडलं होतं. मागच्या महिन्यात दुसऱ्या वर्षाच्या दोघींनी, एकमेकींना न विचारता, वॉर्डातल्या एकाच आजोबांना तासाभरात दोनदा अंग पुसून काढलं आणि शेजारच्या आजोबांना कुणी हातसुद्धा लावला नाही. पहिले आजोबा कुडकुडत बसले आणि दुसऱ्यांनी चिकोडीला फोन लावून चार नातेवाईक बोलावून घेतले. त्या दोघींपैकी एक भैरवी होती. तिनं अंग पुसायच्या सतरा पायऱ्या पुस्तकात होत्या तशाच्या तशा केल्या होत्या. शेजारच्या मुलीला एक शब्द विचारायची अठरावी पायरी काही पुस्तकात नव्हती.

त्यावर विनोदिनी मॅडमनी हा उपाय काढला. चौघांचा गट, चौघांना मिळून एकच काम आणि मार्कही एकच. कुणाचंही चुकलं तरी मार्क चौघांचे जाणार. पहिला येईल तो गट म्हैसूरला राज्याच्या स्पर्धेला जाणार.

भैरवीला हे मुळातच पटलं नव्हतं. तिच्या लेखी मार्क म्हणजे टूथब्रशसारखी वस्तू होती, चारचौघांत वाटून घ्यायची नव्हे. टिळकवाडीत तिचे वडील केशवराव वकिली करत आणि आल्यागेल्याला मुलीच्या मार्कांचा आकडा दशांश चिन्हासकट सांगत. म्हैसूरचं तर त्यांनी कोर्टाच्या कँटीनमध्येही सांगून ठेवलं होतं.

आणि त्यात सौम्याचा गट! सौम्या सदलग्याची. होस्टेलवर राहायची, एकाच वहीत चार विषय लिहायची आणि तरीही मागच्या चाचणीत भैरवीपेक्षा अर्ध्या मार्कानं पुढं गेली होती. अर्ध्या मार्काचं एक वेळ सोडून देता आलं असतं. पण वॉर्डातले पेशंट भैरवीला 'ओ सिस्टर' म्हणायचे आणि सौम्याला 'सौम्याक्का'. कन्नड पेशंटशी ती कन्नडमधून बोलायची, मराठीशी मराठीतून आणि तान्ह्या बाळांशी त्यांच्या भाषेत. मालुबाई आया कळशीभर चहातनं एक कप बाजूला काढून ठेवायची, तो सौम्यासाठी. हेही भैरवीनं सोसलं असतं. पण दिवाळीत सौम्या फराळाला घरी आली, ताटं उचलून गेली, आणि भैरवीची सख्खी आई दारात उभी राहून म्हणाली, "किती गुणाची पोर गं!" त्या दिवसापासून भैरवीला चकली गोड लागली नव्हती.

"चला, वेळ झाला," मॅडम म्हणाल्या. "बाहेरच्या परीक्षक आल्या आहेत. वीस मार्क, तीस मिनिटं. घंटा होईपर्यंत परीक्षा चालू."

भैरवी कॉटवर आडवी झाली आणि तिनं डोळे मिटले. मिटताना तिनं मनाशी एक निश्चय केला. पेशंटच व्हायचं असेल तर असं व्हायचं, की आजवर असा पेशंट कुणी पाहिला नसेल. बेशुद्ध पडण्यातही नंबर पहिला आला पाहिजे.

परीक्षक हिरेमठ मॅडम धारवाडकडच्या होत्या. मराठी त्यांना समजायची, बोलताना मात्र मधेच कन्नड शब्द घुसायचे. खुर्ची ओढल्याचा आवाज आला आणि त्या म्हणाल्या, "हं, सुरू करा."

सौम्याच्या चपलांचा आवाज जवळ आला. कपाळावर हलकासा हात आला.

"आक्का, मी सौम्या आलो, तुमची नर्स," ती म्हणाली. तिच्या गावाकडच्या बायका स्वतःबद्दल बोलताना 'आलो, गेलो' म्हणतात, तशीच ती बोलायची. "आता आम्ही तुमची चादर बदलतो. घाबरायचं न्हाई हं."

"बेशुद्ध पेशंटशी का बोलते तू?" हिरेमठ मॅडमनी विचारलं.

"मॅडम, शुद्ध गेली तरी कान जागं असत्यात. ऐकू येतंय समजूनच बोलायचं असतं."

"भेष!" हिरेमठ मॅडम म्हणाल्या. "सकाळपासून दोन गट झाले. कुणी बोललं नाही पेशंटशी."

भैरवीला हे माहीत होतं. पुस्तकाच्या उजव्या पानावर, खालून चौथी ओळ. तिनं ती पिवळ्या पेननं रंगवली होती. आणि आता ती पिवळी ओळ सौम्याच्या नावावर जमा झाली! भैरवीच्या कानशिलात काहीतरी ठणकलं.

मग चादर बदलायचं काम आलं. पेशंटला एका कुशीवर वळवायचं, मळकी चादर गुंडाळत न्यायची, मागोमाग नवी पसरायची. सौम्यानं "एक, दोन, तीन" म्हटलं आणि रवळूनं भैरवीला वळवलं. रवळू खानापूरकडचा, हाताला ताकद भरपूर. ती मळलेल्या पिठाच्या गोळ्यासारखी वळली. वळता वळता तिनं पापणीच्या फटीतून पाहिलं. पलीकडच्या बाजूचा कॉटचा कठडा खाली होता. सौम्या कठडा लावायला विसरली होती!

भैरवीचं मन आनंदानं भरून आलं. विसरली! सौम्याक्का विसरली! आता जाऊ दे दोन मार्क. आणि दुसऱ्याच क्षणी तिच्या लक्षात आलं, की ते दोन मार्क आपलेही आहेत. सौम्याचं चुकलं की म्हैसूर आपलंही चुकलं. म्हणजे जिचं नाव ऐकून पोटात दुखतं, तिचं सगळं बरोबर यावं म्हणून आता देवाला हात जोडायचे, आणि तेही न हलता! अशी विचित्र परीक्षा काढणाऱ्या विनोदिनी मॅडमचा तिला मनापासून राग आला.

"सौम्या, ह्यो दांडा लावायचा ऱ्हायला की," रवळू म्हणाला आणि त्यानं खटकन कठडा वर केला.

"व्हय की. बरं बघितलास रं," सौम्या म्हणाली.

"एकानं विसरलं, दुसऱ्यानं सांगितलं," हिरेमठ मॅडम विनोदिनी मॅडमना म्हणाल्या. "हेच पाहिजे तुम्हाला, हौदा? हो ना? आणि लीडर मुलगी रागावली पण नाही. फार चांगली आहे."

चूक केली तरी कौतुक! बरोबर केलं तरी कौतुक! भैरवीचे दात एकमेकांवर घट्ट बसले. अशा वेळी नेमकी सौम्या तिच्या दंडाला पट्टा गुंडाळत होती.

"आक्का, आता बीपी बघतो. दंड जरा आवळल्यासारखा वाटंल."

फुस फुस हवा भरली, हळूहळू सुटली. सौम्यानं पुन्हा हवा भरली.

"किती?" निवेदितानं विचारलं.

"एकशे चोपन्न, शंभर," सौम्या हळूच म्हणाली.

"काहीतरीच काय! एकोणीस वर्षांची पोरगी हाय ती. एकशे वीस, ऐंशी लिहू का? सगळ्यांचं तेच आलंय."

"न्हाई. आलंय तेच लिहायचं."

हिरेमठ मॅडम खुर्चीतून उठल्या. "चुकलं तुझं. दे इकडे," म्हणाल्या आणि त्यांनी स्वतः पट्टा बांधला. यंत्राचा काटा खाली येईपर्यंत त्या वाकून पाहत राहिल्या. "एकशे साठ! मुलीचं बरोबर आहे. विनोदिनी मॅडम, ही सौम्या सोनं आहे हो तुमच्याकडे. बाकीचे असते तर एकशे वीस लिहून मोकळे झाले असते."

विनोदिनी मॅडमनी दुसरं यंत्र आणलं. तोवर 'सोनं' हा शब्द भैरवीच्या डोक्यात पोचला होता. दुसऱ्या यंत्रावर एकशे अडुसष्ट आलं.

"भैरवी," विनोदिनी मॅडम वाकून म्हणाल्या, "डोकं दुखतंय का गं?"

भैरवी गप्प. आवाजाला प्रतिसाद नाही.

"भैरवी, बरं वाटत नाही का? बोल की!"

भैरवीला हसू यायचं राहिलं. मॅडमची ही चाल तिला कळत नव्हती थोडीच! बोलायला लावायचं आणि मार्क कापायचा. घंटा झाली नव्हती.

"अगं, परीक्षा थांबवली मी. उठ!"

परीक्षा थांबली असेल तर घंटा का होत नाही? भैरवीनं श्वास आणखी संथ केला. घंटा ज्याच्या हातात असायची तो शिपाई भावकू मात्र त्याच वेळी डॉक्टरांना बोलवायला जिना उतरत धावत होता, आणि घंटा टेबलावर तशीच पडून होती.

"ही बोलंना का?" रवळूनं विचारलं. "मी जोरात तर न्हाई वळवलो? मॅडम, आईशप्पत, मी हळूच वळवलो."

डॉक्टर आशुतोष आले. नुकतीच पदवी घेतलेले, खिशात चार पेनं आणि चेहऱ्यावर घाम. त्यांनी टॉर्चनं डोळे पाहिले, मान हलवली. मग एक पेन काढलं आणि भैरवीच्या बोटाच्या नखावर जोरात दाबलं.

वेदनेला प्रतिसाद आहे का ते बघतायत, भैरवीनं ओळखलं. कळ खांद्यापर्यंत गेली. पायाच्या अंगठ्यातून ओरडावंसं वाटलं. पण चिठ्ठीत काय लिहिलं होतं ते तिला तोंडपाठ होतं. उजव्या डोळ्यातून पाण्याचा एक थेंब तेवढा ओघळला. त्याला काही हालचाल म्हणता येणार नव्हती.

"प्रतिसाद नाही," डॉक्टर म्हणाले. "बीपी वाढलेलं, बोलत नाही, दुखलेलं कळत नाही... खाली कॅज्युअल्टीत घ्या. लगेच! घरच्यांना फोन करा."

पुढची दहा मिनिटं भैरवीनं फक्त कानांनी पाहिली. स्ट्रेचरची चाकं वाजली. निवेदिता रडत रडत फोनवर सांगत होती, "काका, घाबरू नका, भैरवी बेशुद्ध आहे." घाबरू नका म्हणायची ही काय रीत! लिफ्टमध्ये मालुबाई कुणाला तरी सांगत होती, "लई अभ्यास केला की असं हुतंय बघा. मेंदूला सोसत न्हाई." आणि या सगळ्यात एक हात तिच्या हातात होता. तो हात सौम्याचा होता, कारण लिफ्टभर तोच आवाज सांगत होता, "आक्का, मी हाय हितं. घाबरायचं न्हाई."

भैरवीला आता शंका येऊ लागली होती. परीक्षेसाठी लिफ्ट? पण इतका वेळ सोसल्यावर आत्ता डोळे उघडले आणि खरंच परीक्षा चालू असली तर? नखाची कळ फुकट जायची. आणि सौम्या म्हणायची, हिच्यामुळं मार्क गेला. छे! घंटा होऊ दे.

कॅज्युअल्टीत तिला मोठ्या कॉटवर घेतलं. डॉक्टर आशुतोष म्हणाले, "उलटी वगैरे झाली तर छातीत जायला नको. नाकातून नळी घालून ठेवू. नर्सबाई कुठे गेल्या?"

"अपघाताच्या केसवर आहेत," विनोदिनी मॅडम म्हणाल्या. "मी घालते. सौम्या, नळीचं माप घे."

"किती लांब घालायची, सांग बघू," डॉक्टरांनी विचारलं. बहुधा त्यांना स्वतःलाच खात्री करून घ्यायची होती.

"नाकाच्या शेंड्यापासनं कानाच्या पाळीपत्तोर, आन् तिथनं छातीच्या हाडाच्या टोकापत्तोर," सौम्या म्हणाली. नळीवर चिकटपट्टीची खूण नेमकी जागेवर बसली.

"वा!" डॉक्टर म्हणाले. "वर्गात पहिली तूच असणार."

नळीची भैरवीला भीती वाटली नव्हती. नखाचं सोसलं, तसं नाकाचंही सोसलं असतं. पण हे वाक्य मात्र तिच्या चिठ्ठीत कुठंच लिहिलेलं नव्हतं. ती कॉटवर ताडकन उठून बसली.

"नाही!" ती ओरडली. "पहिली मी आहे!"

डॉक्टरांच्या हातातला टॉर्च खाली पडला. रवळू भिंतीला टेकला. मालुबाईनं देवाचं नाव घेतलं. विनोदिनी मॅडम जवळच्या स्टुलावर बसल्या. त्याच क्षणी काळ्या कोटातले केशवराव धापा टाकत दारातून आत आले. "कोण जबाबदार आहे याला? केस कुणावर करायची?" एवढं एका दमात म्हणून झाल्यावर त्यांना उठून बसलेली लेक दिसली, आणि केस बाजूलाच राहिली.

"भैरवी," विनोदिनी मॅडम अखेर म्हणाल्या, "तू शुद्धीवर होतीस?"

"पहिल्यापासून."

"मग बोलली का नाहीस?"

"घंटा झाली नव्हती, मॅडम."

डॉक्टरांनी पुन्हा बीपी घेतलं. अजून जरा चढलेलंच होतं. "सकाळपासून काय खाल्लंयस?" त्यांनी विचारलं.

"दोन कप कॉफी."

"आणि कसली काळजी? कुणाचा त्रास वगैरे?"

समोर सौम्या उभी होती. तिचे डोळे रडून लाल झाले होते. नळी अजून हातातच होती. भैरवीनं मान खाली घातली. "नाही. कुणाचाच नाही."

डॉक्टरांनी कागदावर 'परीक्षेचा ताण' असं लिहिलं आणि कॉफी बंद करायला सांगितली.

तेवढ्यात हिरेमठ मॅडम मार्कांचा कागद घेऊन खाली आल्या. त्यांच्या मागे भावकू घंटा घेऊन उभा होता, पण आता ती वाजवायचं त्याचं धाडस होत नव्हतं.

"तुमच्या गटाचं सगळं बरोबर," हिरेमठ मॅडम म्हणाल्या. "चादर, कठडा, बीपी, खरं तेच लिहिलं, डॉक्टरला बोलावलं. वीस. पण नियम म्हणजे नियम. घंटेच्या आधी पेशंट बोलला. एक मार्क कमी. एकोणीस."

"आणि सकाळी पुढं असलेल्या श्रेयसच्या गटाला?" निवेदितानं विचारलं.

"साडेएकोणीस."

अर्ध्या मार्कानं म्हैसूर गेलं होतं. रवळूनं एकेकाकडे पाहिलं आणि तो अगदी निरागसपणे म्हणाला, "म्हंजे माझ्या हातनं कायबी चुकलं न्हाई, आन् भैरवीच्या हातनं चुकलं?" त्याला टोमणा मारायचा नव्हता. त्याचा खरोखर विश्वासच बसत नव्हता. पण भैरवीला वाटलं, आता खरीच शुद्ध गेली तर फार बरं. केशवराव छताच्या पंख्याकडे पाहत होते. कोर्टाच्या कँटीनमध्ये काय सांगायचं याची जुळवाजुळव बहुधा तिथं चालली होती.

"मॅडम, एक इचारू?" सौम्या पुढं झाली.

"विचार."

"पेशंट बेशुद्ध व्हता न्हवं? आम्ही त्याची सेवा केली, त्याच्याशी बोलत ऱ्हायलो, आणि पेशंट शुद्धीवर येऊन बोलाय लागला. मग आमचा मार्क कापायचा की वाढवायचा?"

हिरेमठ मॅडम तिच्याकडे पाहत राहिल्या. मग त्यांच्या खांद्यांना हिसके बसू लागले. हसता हसता त्यांनी चष्मा काढून पुसला. "आयतु, आयतु! झालं, मान्य!" त्या म्हणाल्या आणि एकोणीसवर काट मारून त्यांनी वीस लिहिले. "आणि म्हैसूरला हेच चौघे, याच कामावर. पेशंट बदलायचा नाही. असा पेशंट दुसरा मिळणार नाही."

रवळूनं शिट्टी मारली, निवेदितानं भैरवीला मिठी मारली. भैरवीही हसली. पण हसताना तिच्या डोक्यात एकच गोष्ट घोळत होती. इतकं साधं वाक्य! पडल्या पडल्या आपल्याला दुसरं काम तरी काय होतं? मग हे आपल्याला का सुचलं नाही?

घरी गेल्यावर, आईनं कॉफीऐवजी समोर ठेवलेलं बिनसाखरेचं ताक पिताना, तिला लिफ्टमधला तो हात आठवत राहिला. सौम्याला तेव्हा परीक्षा वगैरे काही आठवत नव्हतं. ती खरोखर घाबरली होती, आणि घाबरूनही हात सोडत नव्हती. अर्ध्या मार्काच्या हिशेबात हे कुठं बसवायचं, ते भैरवीला कळेना. शेवटी तिनं ठरवलं, उद्या सगळ्यांसमोर सौम्याचे आभार मानायचे. ठरवलं म्हणजे नीटच करायचं. तिनं कागदावर पाच वाक्यं लिहिली, दोन खोडली, उरलेली पाठ केली आणि आरशासमोर उभी राहून म्हणून पाहिली. आभार चांगले झाले होते. ऐकणाऱ्याच्या डोळ्यांत पाणी आलं असतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती दहा मिनिटं आधी वर्गात पोचली. सगळे आले. सौम्या शेवटी आली, हातात दोन कप घेऊन. मालुबाईनं आज चहाचे दोन कप बाजूला काढले होते. भैरवी उठून उभी राहिली, घसा साफ केला आणि पहिल्या वाक्यासाठी तिनं तोंड उघडलं.

"भैरवी, थांब, आधी मी बोलतो," सौम्या एक कप तिच्या हातात देत म्हणाली. तिनं वर्गाकडं तोंड केलं. "काल आमचा गट पहिला आला त्यो हिच्यामुळं. नखावर पेन दाबलं तरी हू का चू केलं न्हाई पोरीनं. माझ्याच्यानं झालं नसतं. लई उपकार झालं गं तुझं."

सगळ्या वर्गानं टाळ्या वाजवल्या. मागच्या बाकावर कुणीतरी डोळेसुद्धा पुसले.

भैरवी हातात चहा घेऊन उभीच राहिली. पाठ केलेली तिन्ही वाक्यं जिभेवर जशीच्या तशी होती. पण आता ती म्हणून काय उपयोग होता? आभार मानण्यातही तिचा नंबर दुसराच आला होता.